कोटातलं माकड

पुणे, २८ जुलै २०२५

प्रिय मंजुताई,

या पत्रासोबत एक पेनड्राइव्ह आहे आणि टाइप केलेले सोळा कागद. दोन्ही जपून ठेव, पावसात भिजू देऊ नकोस.

पेनड्राइव्हमध्ये एक जपानी सिनेमा आहे. कार्टून म्हणून नाक मुरडू नकोस, तिकडे मोठी माणसंही असे सिनेमे गंभीरपणे बघतात. एक डोंगर असतो. त्यावर अस्वलं, रानडुकरं, ससे पिढ्यान् पिढ्या राहत असतात आणि खालून शहर वर चढत येतं. आमच्या वन्यजीव प्रतिष्ठानच्या मॅडमनी तो परदेशात पाहिला आणि त्या रडल्या. तेव्हाच त्यांना सुचलं की हा बोरगोट्याच्या लोकांना दाखवायला हवा.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गाव उठवायला संमती द्यायची की नाही ते ठरणार आहे. जंगलाच्या पोटातलं गाव उठलं तर वाघांना मोकळी जागा मिळेल आणि आपल्या माणसांना सिंदेवाहीजवळ पक्की घरं, रस्ता, दवाखाना. यात नाही म्हणण्यासारखं काय आहे ते मला खरंच कळत नाही. पण आपले लोक भावनेवर चालतात, त्यांच्यापुढे अभ्यास आणि अहवाल ठेवून उपयोग नाही. एकदा त्यांनी प्राण्यांच्या नजरेतून पाहिलं, की आपण जंगलावर किती अतिक्रमण केलंय ते त्यांचं त्यांना उमजेल.

आपले बापूजी मला फोनवर हो म्हणालेत. तीस वर्षं गावचे पोलीस पाटील होते, त्यांची सही पहिली पडली की बाकीचे मागे येतात. तेवढं त्यांना सांभाळ. ही संमती मिळाली तर माझ्या नोकरीचंही भलं होणार आहे, ते भेटीत सांगेन.

कार्यक्रम ऑगस्ट महिन्यात शाळेच्या पटांगणात ठेव, उघड्यावर, चांदण्यात, रात्री आठच्या सुमारास. वातावरणाचा फार फरक पडतो. सिनेमा जपानीत आहे, खाली इंग्रजी अक्षरं येतात, म्हणून मी मराठी निवेदन लिहिलं आहे. ते माइकवर तू वाच. तू तिथली शिक्षिका, तुझं ऐकतील. शिवाय जिचा नवरा वाघाने नेला तीच प्राण्यांची बाजू मांडते आहे, याचा परिणाम वेगळाच होईल.

आईला नमस्कार.

तुझा,
प्रफुल


बोरगोटा, ५ ऑगस्ट २०२५

प्रफुल,

पार्सल मिळालं. हे उत्तर मी मुद्दाम कागदावर लिहिते आहे. तलावाच्या पाळीवर उभं राहून फोन लावला की तू 'हं, हं' करतोस आणि तिकडे दुसऱ्याच कुणाशी बोलत असतोस. कागदाला 'हं' म्हणता येत नाही.

ऑगस्ट महिन्यात, उघड्यावर, चांदण्यात, रात्री आठला. हे वाक्य मी आईला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याची तब्येत बरी हाय ना?" ऑगस्टात बोरगोट्याला चांदणं कधी पडलं होतं ते तुला आठवत असेल तर कळव. आणि रात्री आठ. इथे पाच वाजता लेकरं मोजून घरात घेतात, गोठ्याला आडणा लावतात आणि लघवीला जायचं तरी दोघं मिळून जातात. तुझे भाऊजी गेले ते रात्री नाही, दोन वर्षांपूर्वी भाताच्या रोवणीच्या दिवसांत, उजेड असताना, संध्याकाळी पावणेसहाला. शाळेच्या त्याच पटांगणापासून हाकेच्या अंतरावर. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पाहिले आहेत, पण तू तर पुण्याहून हाकतोस.

आणि ते 'जिचा नवरा वाघाने नेला तीच'. तेरवीला तू आलास, दोन दिवस राहिलास, तिसऱ्या आठवड्यात पेपरात लेख आला. 'माझ्या बहिणीने वाघाला क्षमा केली.' मी क्षमाबिमा काही केली नव्हती. तू विचारलंस, वाघाचा राग येतो का. मी म्हणाले, त्या जनावराला काय कळतं. एवढंच बोलणं झालं होतं, तेही मी भांडी घासत असताना. त्या एका वाक्याचा तू दीड कॉलम केलास. बापूजींनी तो लॅमिनेट करून ओसरीत लावला, म्हणून मी गप्प बसले. आता पुन्हा माझं कुंकू तुझ्या कार्यक्रमाला वापरायला निघालास, तेव्हा गप्प बसणार नाही.

गाव उठू नये असं मी म्हणत नाही, हेही लिहून ठेव. दवाखाना मलाही हवा आहे. शेजारच्या निशाला बाळंतपणासाठी ट्रॅक्टरवर घालून नेलं ते मी पाहिलंय. जायला तयार असलेली घरं इथे बरीच आहेत. पण चार पिढ्या इथे भात पिकवणाऱ्याला 'तुम्ही अतिक्रमण केलंय' असं कार्टून दाखवून शिकवायचं, हे कोणत्या शाळेत शिकलास? माझ्या शाळेत तर नाही.

तरी सिनेमा दाखवीन. तुझ्यासाठी नाही. बापूजी चार दिवसांपासून घरोघर सांगत फिरताहेत की माझ्या पोराने जपानहून सिनेमा पाठवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सगळं गाव घरी असतं, त्या दिवशी दुपारी बारा वाजता शाळेच्या मोठ्या खोलीत दाखवू. खिडक्यांना धान झाकायच्या ताडपत्र्या लावल्या की अंधार होतो. प्रोजेक्टर आणि भोंगे सिंदेवाहीचे नूरुद्दीनचाचा आणतील. तुला आठवत असतील. चाळीस वर्षं आपल्याकडच्या नाटक मंडळ्यांत पडद्यामागून प्रॉम्प्टिंग केलं, आता साऊंड सर्व्हिस चालवतात.

एक प्रश्न आहे. गाव उठल्यावर या जागेवर काय होणार? फोनवर नको, लिहून पाठव.

मंजुषा


पुणे, १२ ऑगस्ट २०२५

प्रिय मंजुताई,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. त्या लेखाने कितीतरी लोकांना धीर दिला, मला आजही त्याबद्दल मेल येतात. पण तुझं दुःख मी समजू शकतो, म्हणून त्यावर वाद घालत नाही.

दुपारी सिनेमा म्हणजे मजा जाणार, पण ठीक आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. गाव उठल्यावर तिथे काय होणार? काही नाही, ताई. गवत. हरणं. वाघ. निसर्गाला त्याचं स्वतःचं परत मिळणार, बस्स.

निवेदन जसं लिहिलंय तसंच वाच, एकही शब्द बदलू नकोस. मॅडमनी ते स्वतः तपासलं आहे. मी सिनेमा तीनदा पाहिला आणि प्रत्येक प्रसंगाला मोजून मजकूर बसवला आहे. आणि कार्यक्रमानंतर लोक काय बोलले ते सविस्तर कळव, मला अहवाल द्यायचा आहे. बापूजी विशेष काय म्हणाले तेही.

प्रफुल


बोरगोटा, २५ ऑगस्ट २०२५

प्रफुल,

अहवाल हवा होता ना, घे.

परवा दुपारी शाळेची खोली अशी भरली की लेकरं खिडकीच्या ओट्यांवर चढून ताडपत्रीला टेकून बसली. हातात लाकडी नंदी, तोंडात खारका. बापूजी पहिल्या रांगेत खुर्चीवर, धुतलेलं धोतर, पोलीस पाटील असतानाची काळी टोपी. शेजारी त्यांनी एक खुर्ची रिकामी ठेवली होती. का ते मी विचारलं नाही.

सिनेमा सुरू झाला. मी तुझं निवेदन वाचायला घेतलं. 'मानवाच्या अमर्याद हव्यासाने निसर्गाच्या नाजूक वीणेच्या तारा छेडल्या जातात तेव्हा मूक वनचरांच्या अंतःकरणातून उमटणारा आर्त स्वर.' इथपर्यंत आले तोवर पडद्यावरची अस्वलं जेवून झोपलीसुद्धा होती. मागून नथ्थू म्हणाला, "बाई, कोन मेलं?" मी आणखी दोन कागद वाचले. तिसऱ्या कागदाला सुगंधाबाई घोरायला लागली. प्रत्येक प्रसंगाला मोजून मजकूर बसवला म्हणतोस. तुझी आर्त स्वरवाली अस्वलं तिकडे मासे पकडत होती आणि इकडे मी ज्वालामुखीसारख्या वेदनेबद्दल वाचत होते.

मग नूरुद्दीनचाचांनी माझ्या हातातून माइक घेतला. घेतला म्हणजे मीच दिला, खोटं कशाला लिहू. आदल्या दिवशी मशीन तपासताना त्यांनी सिनेमा पूर्ण पाहिला होता. इंग्रजी त्यांना येत नाही, पण नाटकवाल्या माणसाला तोंडाकडे पाहून संवाद कळतो. ते बोलायला लागले, "आता पाहा, खालून मशिनी येऊन राह्यल्या. बुढं अस्वल म्हनते, पोराहो, भेऊ नका, हा डोंगर आपल्या बापजाद्याचा हाय. डुक्कर म्हनते, बापजाद्याचा हाय त सातबारा कुठी हाय? अस्वल म्हनते, सातबारा त नाई, पन माही गुहा हाय. डुक्कर म्हनते, मंग तू अतिक्रमणवाला हायस."

अशी हसली रे खोली. सुगंधाबाई जागी झाली आणि विचारू लागली, काय झालं, काय झालं. त्यानंतर कोणी जागचं हललं नाही. पडद्यावर डोंगर पोखरत होते आणि इथे म्हातारी माणसं चुकचुकत होती. दसऱ्याला सीमोल्लंघनाला जावं तशी ती अस्वलं ओळीने निघाली तेव्हा चैतूची आई उठून म्हणाली, "यायले घर दाखवलं का आधी, का असंच हाकललं?"

अर्ध्यावर ते माकड आलं. शहरात जाऊन शिकून आलेलं, कोट घातलेलं, हातात कागदांची गुंडाळी. नूरुद्दीनचाचा म्हणाले, "हा याच डोंगरावरचा. सायबायनं पाठवला. म्हनते, दुसरा डोंगर लय चांगला हाय, तुम्ही फक्त अंगठा द्या." लेकरांचे घसे पहाटेपासूनच तापलेले होते. खोकला घेऊन जा, ढेकूण घेऊन जा, करत मारबतीच्या पुतळ्यामागे गावाच्या वेशीपर्यंत ओरडून आली होती. त्यातल्या एकाने सूर लावला आणि सगळी खोली ओरडायला लागली, "कोटातलं माकड घेऊन जा गे मारबत!" नथ्थू म्हणाला, हे माकड ओळखीचं दिसून राह्यलं. बापूजी हसले नाहीत.

शेवट मी सांगत नाही. तू तीनदा पाहिला आहेस. शेवटी लोक रडले, एवढं अहवालात लिही.

बापूजी काय म्हणाले ते विचारलंस. आज सकाळी म्हणाले, "प्रफुलले लिहून विचार. गाव उठल्यावर तू कुठी राह्यशील?" त्यांच्या शब्दात लिहिलंय, एकही शब्द बदललेला नाही. त्याचं उत्तर नीट दे, कारण ते उत्तरासाठी थांबले आहेत.

मंजुषा


पुणे, २ सप्टेंबर २०२५

प्रिय मंजुताई,

तुझं पत्र मॅडमना वाचून दाखवलं (काही भाग वगळून). त्या इतक्या भारावल्या की त्यांनी सगळ्या टीमला बोलावलं. लोक रडले. ताई, हेच हवं होतं मला. नथ्थूभाऊसारखा माणूस म्हणतो की हा प्राणी ओळखीचा वाटतो, याचा अर्थ तुझ्या लक्षात आला का? तो प्राण्यांशी एकरूप झाला. माकडाचं पात्र विनोदासाठीच घातलेलं आहे, मुलं हसली हे उत्तमच. आणि शेवट तर माझ्याही डोळ्यांत दर वेळी पाणी आणतो. तो डोंगर पुन्हा हिरवा होतो आणि पिल्लं खेळू लागतात, तिथे मला आवरतच नाही.

निवेदन बदलल्याचं मात्र मला आवडलेलं नाही. पण जाऊ दे.

आता बापूजींचा प्रश्न. तो वाचून मला भरून आलं. पोराची काळजी, दुसरं काय. खरं म्हणजे हे मी दिवाळीत पेढे घेऊन सांगणार होतो, पण त्यांनी विचारलंच आहे तर सांगतो. गाव उठल्यावर तलावाच्या काठाला एक छोटं निसर्ग अनुभव केंद्र होणार आहे. अगदी मोजकं बांधकाम, बारा कुट्या, एक स्वागत कक्ष, सगळं मातीच्या रंगाचं. आणि त्याचा व्यवस्थापक म्हणून माझं नाव जवळजवळ पक्कं आहे. राहायला तिथेच घर मिळेल, नेमकं आपल्या वावराच्या बांधावर. नकाशात मी मुद्दाम ती जागा मागून घेतली. म्हणजे बघ, गाव उठलं तरी आपली जमीन एका अर्थी आपल्याच घरात राहते. गावातल्या कितीजणांना असं म्हणता येईल?

बापूजींना सांग, त्यांनी मुळीच काळजी करू नये. त्यांना जेव्हा जेव्हा जुनी जागा बघावीशी वाटेल तेव्हा मी त्यांना पास काढून देईन. गावातल्या बाकीच्यांनाही सवलत ठेवावी असा माझा प्रयत्न राहील.

हे सध्या कुणाजवळ बोलू नकोस. ग्रामसभेपर्यंत घरातच असू दे.

तुझा,
प्रफुल


बोरगोटा, ४ ऑक्टोबर २०२५

प्रफुल,

महिनाभर उत्तर लिहिलं नाही. तुझे पाच फोन आले, तेही घेतले नाहीत. ग्रामसभा झाली. तुझ्या मॅडमना अजून कुणी सांगितलं नसेल तर तू सांग, गावाने नाही म्हटलं.

सगळं क्रमाने लिहिते, कारण तुला मधलं वगळून वाचायची सवय आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी बापूजी ओसरीत दोरी वळत होते. मी ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवलं. 'गवत, हरणं, वाघ' हे तुझं मागचं पत्रही काढून वाचलं, म्हणजे शेजारी शेजारी ऐकू यावं. पासपाशी आले तेव्हा त्यांचा हात थांबला. मला म्हणाले, "तेवढं पुन्हा वाच." मी वाचलं. मग ते उठून वावरात गेले आणि अंधार पडायच्या आत परत आले.

आता तो शेवट ऐक, जो तू तीनदा पाहिलास. डोंगर हिरवाबिरवा होत नाही. डोंगराच्या जागी बाग होते, तिला लोखंडी फाटक लागतं आणि फाटकाशी तेच माकड उभं असतं, कोटावर टोपी घालून. एके दिवशी बुढं अस्वल आपली जुनी गुहा पाहायला परत येतं. माकड त्याला ओळखतं. आणि ओळखूनही हात पुढे करून तिकीट मागतं. तिथे सिनेमा संपतो. खोलीत लोक रडले ते तिथे. नूरुद्दीनचाचांनी त्या जागेवर एक शब्दही घातला नव्हता, माइक बंद करून ठेवला होता.

तू पहिली वीस मिनिटं पाहिली असशील, मॅडम रडल्या तिथपर्यंत. पाहिला नाही म्हणाला असतास तर मी एवढं बोलले नसते. ज्या सिनेमाने गाव उठवायला निघालास तो तुला पुरता बघवला नाही, आणि आमच्याकडे समज कमी. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते तुम्हा लोकांचं. वाघाला जमीन द्यायची ती आमची, रडायचं ते आम्ही, आणि कुट्या मातीच्या रंगाच्या.

परवा ग्रामसभेला बापूजी उठले. लोकांना वाटलं, आता हे संमती मांडतील. उन्हाळ्यापासून तेच सांगत होते ना सगळ्यांना, पोरगा खोटं बोलणार नाही म्हणून. त्यांनी तुझं पत्र माझ्या हातात दिलं आणि वाच म्हणाले. मी विचारलं, सगळ्यांसमोर? म्हणाले, "घरातच ठेव म्हनते तो. तीस वर्सं गावाचा पाटील होतो मी, गावापासून लपवून काय ठेवलं कधी?" मी वाचलं. कुणी हसलं नाही. नथ्थूसुद्धा.

मग ते बोलले. जसंच्या तसं लिहिते. "जावई नेला तेव्हा मी वाघाले भेलो नाई. दुसऱ्या दिवशी त्याच बांधीत धानाचे पऱ्हे पाहाले गेलो. पन हा कागद ऐकला अन् माहे हातपाय थंडे पडले. माहा पोरगा मले माह्याच वावराचा पास काढून देनार हाय. मीच तुमाले चार महिने हो म्हना म्हनत फिरलो. माहं चुकलं. ज्याले दवाखान्यापायी जायचं हाय त्यानं उजागरीनं मांगावं, मी त्याच्यासंग कचेरीत येतो. पन या कागदावर नाई."

नकाराच्या ठरावावर पहिली सही त्यांची आहे. त्यांना सांभाळ म्हणून तू मला लिहिलं होतंस. सांभाळले.

मंजुषा


पुणे, १५ ऑक्टोबर २०२५

प्रिय ताई,

खाजगी पत्र चारचौघांत वाचून दाखवणं याला काय म्हणतात ते तुझ्यासारख्या शिक्षिकेला मी सांगायला नको. आठ दिवस मला ऑफिसात मान वर करता येत नव्हती. पण मी राग धरणाऱ्यांतला नाही. तुला आणि बापूजींना मी मनापासून माफ केलं आहे.

शिवाय घडतं ते बऱ्यासाठीच. मी या सगळ्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहायचं ठरवलं आणि एक लेख लिहिला. 'बोरगोट्याने निवडलं सहजीवन.' एका जपानी सिनेमाने भारावून गेलेलं एक अख्खं गाव वाघासोबतच राहायचं ठरवतं, असं त्यात मांडलं आहे. एका पुरवणीत पूर्ण पान आलं, कात्रण जोडलंय. तुझा उल्लेख सन्मानाने केला आहे. मॅडमचा राग तर गेलाच, उलट त्यांना आता वाटतं की बोरगोटा हे आमच्या कामाचं यश आहे.

त्यामुळे पुढच्या कामासाठीही माझंच नाव आलं. पोंभुर्ण्याकडचं एक गाव आहे, जंगलाला लागून, तलावही आहे, संमती अजून मिळवायची आहे. आठ नोव्हेंबरला त्यांची दिवाळीनंतरची मंडईची जत्रा भरते, त्या दिवशी दुपारी सिनेमा. तुझी दुपारची सूचना मी मान्य केली हे तुझ्या लक्षात येईल. निवेदक पुण्याहून नेतोय, अधलंमधलं कुणी माइक घेणार नाही. सिनेमाही थोडा आटोपशीर करून घेतला. शेवटची अकरा मिनिटं काढली आणि माकडाचे प्रसंगही. त्याशिवायही गोष्ट छान उभी राहते. मी स्वतः मंचावर असेन.

या गडबडीत दिवाळीला येणं जमणार नाही. बापूजी फोन घेत नाहीत. त्यांना सांग, मी रागावलेलो नाही.

प्रफुल


बोरगोटा, २६ ऑक्टोबर २०२५

प्रफुल,

माफी मिळाली. आधी माझ्या नावाने वाघाला देत होतास, आता स्वतःच्या नावाने आम्हाला देतोस. तुझ्याकडे माफीचा साठा बराच दिसतो, तुला स्वतःला कधी लागलीच तर कमी पडणार नाही.

लेख वाचला. त्यात मी 'डबडबलेल्या डोळ्यांनी' उभी राहून वाघाचं रक्षण करायची शपथ घेते. वर्गातली पोरं कात्रण बघून विचारत होती, बाई, शपथ कवा घेतली? मी त्यांना त्याच कागदावर शुद्धलेखनाच्या चुका शोधायला लावल्या. निदान कशाला तरी उपयोग झाला.

खरं सांगू का, तुझा राग येऊन येऊन आता कंटाळा आला आहे. राग यायला समोर माणूस लागतो. तू पत्र लिहितोस तेव्हा लिहिणारा कोण, आपला प्रफुल की प्रतिष्ठान, तेच मला ओळखू येत नाही. आई मात्र अजून तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसते. तिने दिवाळीला तुझं ताट मांडलं आणि मग उचलून ठेवलं. मला तुझा तिरस्कार वाटतो तो त्या क्षणी सगळ्यात जास्त वाटला.

तुझं पत्र मी बापूजींना वाचून दाखवलं. हो, पूर्ण. मॅडम, लेख, यश, सगळं त्यांनी मान खाली घालून ऐकलं. शेवटची अकरा मिनिटं काढली हे आलं तेव्हा त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "काढून टाकता येते का तसं?" मी म्हटलं, येतं. त्यांनी खुंटीवरची काळी टोपी काढली. मग विचारलं, "पोंभुर्ण्याले इथून कोनती बस जाते?"

ते येताहेत. मी पुष्कळ सांगून पाहिलं. गुडघे दुखतात, दोन ठिकाणी बस बदलावी लागते. म्हणाले, "सिनेमा कापला त काय झालं. पुढचं मी सांगतो. उभा राह्यतो अन् म्हनतो, हा जो वर बसला हाय तो माहा पोरगा हाय, याचे कागद नीट वाचून घ्या." मी म्हटलं, बापूजी, परक्या गावात चार माणसांपुढे आपल्याच लेकराची लाज काढाल?

ते टोपी झटकत होते. म्हणाले, "मीच काढली पायजे. दुसऱ्या कोनं काढली त मले सोसनार नाई."

आठ तारखेला सकाळच्या पहिल्या गाडीने निघतील, बारापर्यंत पोचतील. त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दे.

मंजुषा